साखळी, चषक आणि तालीम : कोल्हापूरच्या हौशी फुटबॉलविषयी किनाऱ्यावरून

इंग्रजीतील 'लीग' या शब्दाच्या मुळाशी बांधून घेण्याची, कराराची कल्पना आहे. मराठी क्रीडावृत्तांनी त्यासाठी 'साखळी' हा शब्द रुळवला. तो शब्दशः भाषांतर नाही, तरी मुळाच्या जवळ जातो. कारण साखळीही बांधतेच. त्याच्या शेजारी दुसरा शब्द उभा असतो, 'चषक'. संस्कृतात चषक म्हणजे मद्याचा पेला. 'कप'साठी तो आपण घेतला आणि आज शाळेच्या कपाटातला चषक पाहून कोणालाही मद्य आठवत नाही. तिसरा शब्द 'तालीम'. अरबीत त्याचा अर्थ शिकवण. मराठीत येऊन त्याने दोन घरे केली : एक कुस्तीच्या आखाड्याची वास्तू आणि दुसरे नाटकाचा सराव. या तीन शब्दांच्या आधाराने कोल्हापूरच्या फुटबॉलचा इतिहास वाचता येईल काय, असा विचार आमच्या मनात बरेच दिवस घोळत होता. प्रस्तुत लेख हा त्याचा पहिला खर्डा समजावा.

आम्ही रायगडच्या किनाऱ्यावर मराठी शिकवणारी माणसे. कोल्हापूर आमचे गाव नव्हे. परंतु एखाद्या गोष्टीचे वेगळेपण तिच्या अंगणात उभे राहून दिसत नाही, ते ती जेथे घडली नाही अशा ठिकाणाहून दिसते. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात ओहोटीच्या वेळी सपाट, घट्ट वाळूची मैदाने आपोआप तयार होतात. खेळण्याची हौस असलेली मुले तर गावोगाव आहेत. तरीही येथे फुटबॉलची साखळी उभी राहिली नाही. ती उभी राहिली सह्याद्रीच्या पलीकडे, पंचगंगेकाठच्या, दाट वस्तीच्या पेठांनी भरलेल्या एका शहरात. असे का व्हावे, हा आमचा मूळ प्रश्न.

साखळीची गरज कशी निर्माण झाली

फुटबॉलची पहिली साखळी स्पर्धा इंग्लंडमध्ये १८८८ साली सुरू झाली. बर्मिंगहॅममधील कापडदुकानदार आणि ॲस्टन व्हिला क्लबाचे एक चालक विल्यम मॅकग्रेगर यांनी त्या वर्षीच्या मार्चमध्ये काही क्लबांना पत्र लिहिले आणि सप्टेंबरमध्ये बारा संघांची स्पर्धा सुरू झाली. मॅकग्रेगर यांची अडचण अगदी व्यवहारी होती. ठरलेले सामने ऐनवेळी रद्द होत. चषकाच्या स्पर्धेत संघ पहिल्याच फेरीत बाद झाला की पुढचे आठवडे रिकामे जात. प्रेक्षक मैदानावर येऊन परत फिरत. साखळीने त्यांना दिले ते वेळापत्रक. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे, जिंकले तरी आणि हरले तरी.

हा फरक आम्हांस फार मोलाचा वाटतो. बाद पद्धतीत हरलेला संघ घरी जातो. साखळीत हरलेल्यालाही पुढचा रविवार असतो. म्हणून चषक दोन दिवसांत उरकता येतो. साखळीला मात्र महिनोन्‌महिने टिकणारी, वर्षानुवर्षे आठवण ठेवणारी संस्था मागे उभी लागते. इंग्लंडमध्ये ती संस्था कोठे प्रार्थनामंदिर होती, कोठे रेल्वेचे कारखाने. ॲस्टन व्हिला वेस्लीपंथी मंदिराशी जोडलेल्या तरुणांनी १८७४ मध्ये काढला. आजचा मँचेस्टर युनायटेड १८७८ मध्ये न्यूटन हीथ येथील रेल्वे कामगारांचा संघ म्हणून जन्मला.

आपल्याकडे हा खेळ आला तो पलटणींबरोबर. मुंबईत रोव्हर्स चषक १८९१ साली सुरू झाला आणि पहिल्या वर्षी तो वुस्टरशर रेजिमेंटने जिंकला. हारवूड लीग १९०२ ची, तर वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन १९११ ची. त्याच १९११ मध्ये कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शिल्ड जिंकली आणि अनवाणी खेळणारे बंगाली तरुण देशभर चर्चेचा विषय झाले. रोव्हर्स चषक मात्र भारतीय संघाच्या हाती यायला १९३७ साल उजाडावे लागले. तो बंगलोर मुस्लिम्स या संघाने जिंकला. मुंबईत पुढे पलटणींची जागा रेल्वे, पोलीस, बँका, गिरण्या आणि कंपन्यांच्या संघांनी घेतली. म्हणजे खेळाडू बदलले, परंतु खेळाचा आश्रयदाता बहुतांशी नोकरी देणारा मालकच राहिला. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा येऊ.

तालमीचे घर

कोल्हापूरची गोष्ट येथेच वेगळी होते. राजर्षी शाहू महाराजांनी (कारकीर्द १८९४ ते १९२२) कुस्तीला दिलेला आश्रय सर्वपरिचित आहे. १९०२ च्या विलायत प्रवासानंतर त्यांच्या मनात आलेले खुले, गोलाकार खासबाग मैदान हे त्याचे आजही उभे असलेले चिन्ह. परंतु खासबागेहून लहान, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची, वास्तू म्हणजे पेठेतली तालीम. लाल मातीचा हौदा, भिंतीवर मारुती, कोपऱ्यात मुद्गल आणि शिकवायला वस्ताद. तालमीचे काम केवळ पैलवान घडवण्याचे नव्हते. पेठेतील मुलगा वयात येताना कोठे बसतो, कोणाचे ऐकतो, कोणाच्या लग्नात पंगत वाढतो, कोणाच्या अंत्यविधीला लाकडे गोळा करतो, हे सारे तालीम ठरवीत असे. गणेशोत्सव तिचा, शिवजयंती तिची, भांडण तिचे आणि समेटही तिचाच.

फुटबॉल या घरात भाडेकरू म्हणून शिरला आणि पुढे घरचाच झाला. कोल्हापूरच्या संघांची नावे नुसती वाचली तरी हे ध्यानात येते : पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, ऋणमुक्तेश्वर तालीम, जुना बुधवार पेठ तालीम, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. भाषेच्या विद्यार्थ्याने या यादीपाशी क्षणभर थांबावे. 'पाटाकडील' या नावात पाण्याचा पाट आहे. म्हणजे ते स्थळाने पडलेले, घरगुती वळणाचे नाव. 'दिलबहार' फारसी, 'ऋणमुक्तेश्वर' संस्कृत, 'खंडोबा' लोकदैवताचे, 'प्रॅक्टिस क्लब' थेट इंग्रजी. मराठीवर चढलेले सगळे थर एका गुणतक्त्यात एकाखाली एक बसलेले आहेत. कोणा जाहिरात-कंपनीने ही नावे ठेवली असती तर तेथे वाघ, सिंह आणि योद्धे आले असते.

कुस्तीच्या घरात फुटबॉल का रुजला, याचे एक कारण आम्हांस खर्चाच्या हिशेबात दिसते. पैलवान पोसणे हे खर्चाचे काम. दूध, तूप, बदाम, मांस असा खुराक वर्षानुवर्षे पुरवावा तेव्हा एक मल्ल तयार होतो, आणि तो एकटाच लढतो. एका चेंडूवर बावीस मुले खेळतात. पेठेच्या वर्गणीतून एक पैलवान पोसणे कठीण, पण एक संघ उभा करणे शक्य होते. शिवाय कुस्तीत पेठेचा मान एका देहावर तोलला जातो. फुटबॉलमध्ये तो अकरा घरांत वाटला जातो. अकरा घरे म्हणजे अकरा आया, अकरा गल्ल्या आणि त्यांचे सगळे नातेवाईक. प्रेक्षक तेथूनच निर्माण होतो.

जागेचेही एक कारण आहे. शिवाजी पेठेतील गांधी मैदान हे एके काळचे वरुणतीर्थ, म्हणजे तळे. ते बुजवून मैदान झाले. पावसाळ्यात तेथे पाणी साचते आणि जुने तळे आपली आठवण करून देते. पाणी ओसरले की मुले पुन्हा खेळू लागतात. आमच्या किनाऱ्यावर समुद्र दिवसातून दोनदा मैदान देतो आणि दोनदा काढून घेतो. कोल्हापुरात मात्र मैदान वस्तीच्या मधोमध, घरातून हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर राहिले.

राजाश्रय संपल्यावर

कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन १९४० साली, राजाराम महाराजांच्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षी स्थापन झाली. केएसए या आद्याक्षरांनीच ती शहरात ओळखली जाते आणि आजही साखळी स्पर्धा तीच भरवते. राजघराण्याचा या संस्थेशी असलेला संबंध पुढच्या पिढ्यांतही टिकला. त्यामुळे कोल्हापूरच्या फुटबॉलचा इतिहास सांगताना तो राजघराण्याने शहराला दिलेल्या देणगीची कथा म्हणून सांगण्याचा मोह होतो. कथा खोटी नाही; पण अपुरी आहे.

तिची परीक्षा १ मार्च १९४९ रोजी झाली. त्या दिवशी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थानांच्या आश्रयावर वाढलेल्या अनेक कलांचे आणि खेळांचे पुढे काय झाले, हे आपण जाणतो. दरबारी गायकांना मैफलींच्या आणि आकाशवाणीच्या आसऱ्याला जावे लागले. फुटबॉल केवळ राजाश्रयावर उभा असता तर तोही क्षीण झाला असता. तो झाला नाही, कारण तोवर पेठांनी तो आपल्या अंगावर घेतला होता. मैदान, नियम आणि मान राजघराण्याकडून आला. खेळाडू, वर्गणी आणि गर्दी पेठेकडून. साखळीची कडी वर अडकवणारा हात एक आणि दुवे घडवणारे हात अनेक, असे आम्ही म्हणू.

या विधानाची उलट तपासणीही करता येते. पुण्याकडे पाहावे. पुणे एफसी २००७ मध्ये निघाला आणि दशक पुरे होण्याआधीच त्याचा वरिष्ठ संघ बंद पडला. भारत एफसी २०१४-१५ चा एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये आय-लीगबाहेर पडला. इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपुष्टात आला. मुंबईत २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्र युनायटेड संघ त्यानंतर काही वर्षांतच कंपनीने बंद केला. या सर्व संघांकडे कोल्हापूरच्या कोणत्याही तालमीपेक्षा कितीतरी अधिक पैसा, उत्तम प्रशिक्षक आणि हिरवळीची मैदाने होती. मालकाने हात काढताच ते नाहीसे झाले. तालमीला हात काढणारा मालकच नाही. पाटाकडील किंवा खंडोबा तालमीचा संघ एखाद्या वर्षी वाईट खेळेल, खालच्या गटात जाण्याची नामुष्की त्याच्या वाट्याला येईल, पण तो बंद करण्याचा ठराव कोणत्या कचेरीत मांडायचा?

हौस, पैसा आणि पेठेचा अभिमान

'हौशी' हा शब्द आपण 'अमॅच्युअर'साठी वापरतो. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधले प्रेम आहे, आपल्या शब्दाच्या मुळाशी अरबीतून आलेली हवस, म्हणजे तीव्र इच्छा. विलायतेत मात्र या शब्दाला वर्गाचा वास होता. ज्याला पैशांसाठी खेळण्याची गरज नाही तो सद्गृहस्थ हौशी. गिरणीत हजेरी बुडवून खेळणाऱ्याने मोबदला मागितला तर तो धंदेवाईक. १८८५ मध्ये इंग्लंडच्या संघटनेने व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली, ती या वादातूनच. कोल्हापूरच्या पेठांतील हौशी खेळाडू सद्गृहस्थ वर्गातला नव्हे. तो दुकानात, कारखान्यात, रिक्षावर काम करून सायंकाळी मैदानावर येणारा. त्याची हौस ही फुरसतीची खूण नसून फुरसत ओरबाडून काढल्याची खूण आहे. आपल्या हौशी रंगभूमीवरचे नट दिवसा कचेरीत आणि रात्री तालमीत असत. 'तालीम' या शब्दाची दोन घरे येथे एका भिंतीने जोडलेली दिसतात.

परंतु या चित्राला सोनेरी चौकट घालून भिंतीवर टांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. पेठेचा अभिमान हीच या साखळीची शक्ती आहे आणि तेच तिचे दुखणे आहे. प्रेक्षकांच्या हुल्लडबाजीने सामने थांबल्याच्या, खेळाडूंमध्ये हाणामारी झाल्याच्या, शहरात पोलीस बंदोबस्त वाढवावा लागल्याच्या बातम्या कोल्हापूरच्या वृत्तपत्रांना नव्या नाहीत. ज्या तालमीने मुलाला घर दिले तिनेच त्याला शत्रूही नेमून दिला.

दुसरे दुखणे चषकांचे. साखळी स्पर्धा संपली की बाद पद्धतीच्या स्पर्धांचा मोसम येतो. सतेज चषक, अटल चषक, चंद्रकांत चषक ही नावे पाहिली की आश्रयदाता कोणत्या क्षेत्रातून येऊ लागला आहे, हे सांगावे लागत नाही. बक्षिसांच्या रकमा वाढल्या तशी जिंकण्याची घाई वाढली. बाहेरगावचे आणि परदेशी, विशेषतः आफ्रिकी, खेळाडू करारावर आणले जाऊ लागले. त्यांच्यामुळे खेळाचा दर्जा उंचावला, हे नाकारता येणार नाही. गर्दीने त्यांना मनापासून आपले मानले, हेही खरे. पण अकरा घरांतला मान जर सहा-सात घरांतच उरला, तर उरलेल्या घरांना वर्गणी कोणत्या नात्याने मागायची? साखळी हौसेवर चालते, चषक बक्षिसावर. दोन्ही एकाच मैदानावर खेळले जातात म्हणून त्यांचे तर्कशास्त्र एक होत नाही.

तिसरी उणीव तालमीच्या वास्तूतच आहे. ती पुरुषांची वास्तू आहे. आणि तरीही २०१९ मध्ये लुधियानाला झालेल्या इंडियन विमेन्स लीगच्या अंतिम टप्प्यात एफसी कोल्हापूर सिटी हा महिलांचा संघ खेळला. शहरात जमलेली फुटबॉलची हवा तालमीच्या भिंतींत मावली नाही, ती मुलींपर्यंतही पोहोचली. मुलांच्या बाजूने पाहता, २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा. त्याची पुढची घडण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली. पेठ मुलाला चेंडूचे वेड लावू शकते; शास्त्रशुद्ध शिक्षणासाठी त्याला पेठ सोडावी लागते. ही मर्यादाही नोंदवून ठेवावी.

आमचा किनारा

आता मूळ प्रश्नाकडे. रायगडच्या किनाऱ्यावर संघटनेची परंपरा नाही, असे कोणी म्हणू नये. अलिबाग, पेण, रोहा, उरण या तालुक्यांत कबड्डीचे संघ गावोगाव आहेत. त्यांच्याही नावांत ग्रामदैवते आहेत, त्यांच्यामागेही गाव उभे असते. कोळी आणि आगरी वस्त्यांतील कबड्डीपटूंच्या पायांत वाळूने दिलेले बळ असते. कोल्हापुरात तालमीने जी जागा व्यापली, तीच येथे गावच्या क्रीडा मंडळाने व्यापली. फुटबॉल आला तेव्हा ते घर भरलेले होते.

फरक आहे तो स्पर्धेच्या रचनेत. आमच्याकडे कबड्डी काय किंवा टेनिस चेंडूचे क्रिकेट काय, मोठ्या प्रमाणावर खेळले जाते ते बाद पद्धतीने, एका रात्रीत वा दोन दिवसांत. दिव्यांच्या झगमगाटात निवेदकाचा आवाज घुमतो, टेम्पोतून संघ येतात, पहिल्याच सामन्यात हरलेला संघ रात्री दहाला परतीच्या वाटेला लागतो. हा किनारा चषकांचा आहे. याचे कारण आम्हांस येथील जगण्यात दिसते. येथला तरुण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जात आला. तो शिमग्याला येतो, गणपतीला येतो, एखाद्या शनिवार-रविवारी येतो. चषकासाठी तेवढे पुरते. साखळीला दर आठवड्याला तोच मुलगा त्याच गावात लागतो. थळचा खत कारखाना आणि १९८९ चे न्हावा-शेवा बंदर यांनी थोडे तरुण घराजवळ राहिले असतील; पण पाळ्यांच्या नोकरीत सगळ्यांचा रविवार एकच नसतो. साखळी स्पर्धेचा पाया हिरवळ नसून समान सुटी आहे, हे आम्हांस कोल्हापूरकडे पाहून कळले.

१५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्य शासनाने दहा लाख मुलामुलींनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा असा उपक्रम केला. हेतू उत्तम होता. पण तो एक दिवस होता. आमच्याच जिल्ह्यात, खारघरला, सिडकोने फुटबॉलसाठी उत्तम दर्जाचे मैदान उभारले आहे. चेंडू वाटता येतात, मैदान बांधता येते. पुढच्या रविवारी पुन्हा यायचे आहे, ही खात्री मात्र कोणत्याही योजनेतून वाटता येत नाही. ती शेजारातून येते आणि तिला पिढी-दोन पिढ्या लागतात.

शेवटी एक गोष्ट आमच्याच व्यवसायाविषयी. बंगालीत मोती नंदी यांनी 'स्ट्रायकर' आणि 'स्टॉपर' या कादंबऱ्या लिहून फुटबॉलपटूच्या पराभवाला साहित्यात जागा दिली. मराठी ग्रामीण साहित्यात कुस्तीचा फड आला. पेठेतले फुटबॉल मैदान मात्र क्वचितच आले. राजाश्रयाची कागदपत्रे दफ्तरखान्यात जपली जातात. तालमीचा पत्रव्यवहार, वर्गणीची वही, सामन्याची हस्तपत्रके, भिंतीवरची चौकटीतली छायाचित्रे यांना दफ्तरखाना नाही; रंगकाम निघाले की ती माळ्यावर जातात आणि माळा साफ झाला की रद्दीत. ज्यांनी दुवे घडवले त्यांचा पुरावा आधी नाहीसा होतो आणि मग इतिहासात फक्त कडी अडकवणारा हात उरतो. कोल्हापूरच्या महाविद्यालयांतील मराठीच्या आमच्या सहकाऱ्यांनी एका वर्षीच्या प्रकल्पासाठी प्रत्येक विद्यार्थ्याला एकेक तालीम नेमून दिली, आणि आम्ही किनाऱ्यावर प्रत्येकाला एकेक कबड्डी मंडळ, तर दोन्ही ठिकाणच्या वह्या शेजारी ठेवून हा लेख पुन्हा, अधिक खात्रीने लिहिता येईल. तसे झाल्यास त्यातील आमची चूक दाखवून देणारी वही आम्हांस सर्वांत आधी वाचायला आवडेल.